टंगस्टनचं टोक घडवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पृष्ठभागावरचे अणू दाखवणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपसाठी, म्हणजे एसटीएमसाठी, टंगस्टनच्या तारेला टोक काढायला मी एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलामुलींना शिकवते. दर वर्षी नवी तुकडी येते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. काही प्रश्न इतर कॉलेजांतूनही येतात. वेगळ्या मापनांसाठी टोकं लागणाऱ्यांचे प्रश्नही त्यांत असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. जे उत्तर एकदा दिलं आहे ते पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिवणकामाची सुई इतकी टोकदार असते, मग तीच का वापरत नाही?

सुईचं टोक डोळ्यांना आणि बोटाला टोकदार वाटतं. मायक्रोस्कोपखाली धरलं तर ते गोल टेकाडासारखं दिसतं आणि त्याची त्रिज्या मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागते. आपल्याला हवं असलेलं टोक साधारण २० ते ५० नॅनोमीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे त्याहून शेकडो पटींनी बारीक.

इतकं बारीक कशासाठी, तर एसटीएममध्ये टोक आणि नमुना, म्हणजे ज्याचा पृष्ठभाग पाहायचा ती वस्तू, एकमेकांना टेकत नाहीत. मधे नॅनोमीटरभर किंवा त्याहूनही कमी फट असते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. फट ०.१ नॅनोमीटरने वाढली की प्रवाह जवळजवळ दहापट घटतो. त्यामुळे टोकाचा जो अणू सगळ्यांत पुढे असतो, बहुतेक प्रवाह त्याच्यातूनच वाहतो. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे यंत्र उभं केलं. त्यासाठी त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

२. टंगस्टनच का? तांबं किंवा पोलाद स्वस्त आहे.

टंगस्टन कडक असतो, त्यामुळे चुकून नमुन्याला हलकासा टेकला तर लगेच वाकत नाही. तो ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून निर्वातात तापवून स्वच्छ करता येतो. शिवाय तो साध्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विजेच्या मदतीने विरघळतो, त्यासाठी तीव्र आम्ल लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेला हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे. त्याचा दोष एकच आहे, पण मोठा आहे : हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो (प्रश्न ११).

इथे एक गोष्ट मी दर तुकडीला आवर्जून सांगते. माणसाने अणू पहिल्यांदा 'पाहिले' तेही टंगस्टनच्या टोकावरचेच. १९५५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी फील्ड आयन मायक्रोस्कोपखाली टंगस्टनच्या टोकावरचे अणू सुटे सुटे पाहिले. त्या यंत्रात पाहण्याची वस्तू म्हणजे टोकच होतं. आपण बीकरमध्ये जे करतो त्याच्या मागे ही परंपरा आहे, आणि तिच्यात आपला एक माणूस आहे.

३. सामान काय काय लागतं?

पाव मिलिमीटर जाडीची टंगस्टनची तार, सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोड्याचे शुद्ध दाणे, डिस्टिल्ड वॉटर, ० ते १० व्होल्टचा डीसी पॉवर सप्लाय, मिलिअँपिअर दाखवणारा मल्टीमीटर, स्टेनलेस स्टीलच्या तारेचं तीनेक सेंटिमीटर व्यासाचं कडं, बीकर, आणि तार सावकाश वरखाली करता येईल असा स्क्रूचा स्टँड. जुन्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्टँड या कामाला उत्तम चालतो. बहुतेक कॉलेजांत असा एखादा कपाटात पडून असतो.

संरक्षक चष्मा आणि हातमोजे हवेतच, त्यात तडजोड नाही (प्रश्न १४).

४. द्रावणात नेमकं काय घडतं? तार नेमकी मधेच का बारीक होते?

तार पॉवर सप्लायच्या धन टोकाला आणि स्टीलचं कडं ऋण टोकाला जोडलेलं असतं. तारेवर टंगस्टनचा प्रत्येक अणू सहा इलेक्ट्रॉन देतो, हायड्रॉक्साइडशी संयोग पावतो आणि टंगस्टेट होऊन विरघळतो. कड्यावर पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे निघतात.

पण तार सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सगळी किमया याच गोष्टीत आहे. टंगस्टेटचं द्रावण जड असतं, म्हणून ते तारेला धरून खाली ओघळतं. खडीसाखरेचा खडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला की त्याच्याखाली थरथरत्या रेषा उतरताना दिसतात, अगदी तसं. बीकरच्या मागे दिवा ठेवून पाहा, या रेषा डोळ्यांना दिसतात. हा ओघळ खालच्या भागाला वेढून टाकतो, त्यामुळे तिथे ताजं हायड्रॉक्साइड पोचत नाही आणि तो भाग हळू झिजतो. जिथे द्रावण तारेला चिकटून थोडं वर चढलेलं असतं, त्याच्या लगेच खाली मात्र ताजा पुरवठा चालू राहतो. तिथे तारेला कंबर पडते, ती बारीक होत जाते आणि शेवटी खालचा तुकडा स्वतःच्या वजनाने तुटून पडतो. वर राहतं ते आपलं टोक.

५. कृती सुरुवातीपासून नीट सांगाल का?

१०० मिलिलिटर द्रावणासाठी ८ ग्रॅम सोडा घ्या, म्हणजे ते २ मोलर होतं. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं, ते थंड होईपर्यंत थांबा. गरम द्रावणात झीज वेगाने होते आणि दर वेळी वेगळा निकाल येतो.

तार दोन सेंटिमीटर कापा. कापताना बोथट पक्कड वापरू नका. टंगस्टनची तार ओढून बनवलेली असते, तिच्यात लांबीच्या दिशेने तंतू असतात, आणि बोथट पकडीखाली ती बांबूसारखी उभी चिरते. ती चीर पुढे कशी भोवते ते प्रश्न १२ मध्ये आहे. बारीक पॉलिश पेपरमधून तार दोनतीनदा ओढा आणि ॲसिटोनने पुसा.

तार उभी, अगदी ओळंब्यात धरा, कड्याच्या मधोमध. हळूहळू खाली आणा. पृष्ठभागाला टेकताच द्रावण टुणकन तारेवर चढतं. तिथे शून्य धरा आणि मग २ मिलिमीटर खाली जा. ४ व्होल्ट लावा. आमच्या मांडणीत प्रवाह सुरुवातीला पंधरा मिलिअँपिअरच्या आसपास असतो आणि काम दहा मिनिटांच्या आगेमागे पुरं होतं. तुमचे आकडे कड्याच्या आणि बीकरच्या मापाप्रमाणे वेगळे येतील. पहिल्या पाचसहा तारांची वहीत नोंद ठेवा, तोच तुमचा तक्ता.

या दहा मिनिटांत टेबलाला हात लावायचा नाही. पंखा बंद. शक्य असेल तर लिफ्टपासून आणि व्हॅक्यूम पंपापासून दूरचं टेबल घ्या. प्रवाह सावकाश उतरत जातो. शेवटच्या मिनिटात आकडा जरा लवकर उतरू लागतो आणि मग एकदम खाली येतो. त्या क्षणी बीकरच्या तळाशी केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी पडलेलं दिसेल. सप्लाय ताबडतोब बंद करा (प्रश्न ७).

६. तार किती बुडवायची? कोणी १ मिलिमीटर म्हणतं, कोणी ५.

हे गणित सोपं आहे आणि एकदा स्वतः करून पाहावं असं आहे. टंगस्टनची घनता घन सेंटिमीटरला १९.२५ ग्रॅम. पाव मिलिमीटर जाडीच्या तारेच्या २ मिलिमीटर तुकड्याचं वजन जेमतेम २ मिलिग्रॅम भरतं. टंगस्टनच्या तारेची ओढ सोसण्याची ताकद २ गिगापास्कल धरली, तर कंबर सुमारे ११० नॅनोमीटर जाडीची झाली की एवढं वजन तिला पेलवत नाही आणि ती तुटते. म्हणजे त्रिज्या ५० नॅनोमीटरच्या घरात आली. प्रत्यक्ष मिळणाऱ्या टोकांशी हा आकडा छान जुळतो.

४ मिलिमीटर बुडवली तर वजन दुप्पट, आणि कंबर १५५ नॅनोमीटरला असतानाच तुटेल. जास्त बुडवली की टोक जाड येतं ते यामुळे. खालचा भागही थोडा झिजत असतो, त्यामुळे खरे आकडे यापेक्षा जरा कमी येतात.

मग अगदी थोडीच का बुडवू नये? कारण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलात तर कंबर नीट पडायच्या आतच खालचा भाग झिजून जातो आणि हातात गोल ठोकळा उरतो. १ ते ३ मिलिमीटर ही मर्यादा मला भरवशाची वाटते. मी स्वतः २ वर थांबते.

७. तुकडा वेळेवर पडला, मी लगेच स्विच बंद केला, तरी टोक बोथट. का?

कारण आपलं 'लगेच' टोकाच्या दृष्टीने फार उशिराचं असतं. दहा मिनिटांत तारेची अर्धी जाडी, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर झिजते. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे २०० नॅनोमीटर. डोळ्यांनी पाहून हाताने स्विच बंद करायला पाव सेकंद जातो. तेवढ्यात ५० नॅनोमीटर झिजून गेले, म्हणजे जे टोक मिळालं होतं तेच गेलं.

उपाय म्हणजे प्रवाहावर नजर ठेवणारं छोटं सर्किट. एक रोधक, त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ठरवलेल्या पातळीशी ताडून पाहणारा कंपॅरेटर आणि सप्लाय तोडणारा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. तुकडा पडताच प्रवाह एकदम उतरतो आणि सर्किट मायक्रोसेकंदांत सप्लाय तोडतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगात एलएम ३११ हा कंपॅरेटर वापरला असेल, तो यासाठी पुरेसा आहे. रिले वापरू नका, त्याची पट्टी सुटायलाच काही मिलिसेकंद जातात. तोडण्याची पातळी, शेवटच्या मिनिटात जो प्रवाह दिसतो त्याच्या जरा खाली ठेवा. वर ठेवली तर तुकडा पडण्याआधीच सप्लाय तुटेल.

सर्किट शक्य नसेल तर प्रश्न ९ पाहा.

८. एसी चांगला की डीसी?

शेवटच्या टप्प्याला डीसी. त्याने कंबर बाकदार होत जाते आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. एसीने झीज वेगाने होते आणि आकार शंकूसारखा येतो, पण तारेवरच बुडबुडे उठतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. जाड तार आधी एसीने उतरवून मग डीसीने पुरी करणारे लोक आहेत. पाव मिलिमीटरसाठी त्याची गरज नाही.

९. सर्किटविना तीक्ष्ण टोक मिळवायचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो मला फार आवडतो. बीकरभर द्रावणाऐवजी स्टीलच्या तारेचं सातआठ मिलिमीटरचं लहान कडं करा आणि ते सोड्याच्या द्रावणात बुडवून बाहेर काढा. साबणाच्या फुग्याआधी कड्यात पडदा धरतो तसा द्रावणाचा पातळ पडदा धरेल. तार त्या पडद्यातून आरपार उभी घाला. या वेळी वरचा भाग धन टोकाला, कडं ऋण टोकाला. झीज फक्त पडद्याच्या जाडीत होते.

मुद्दा असा की तुटताक्षणी खालच्या तुकड्याचा विजेशी संबंध आपोआप संपतो. तो पडतो आणि त्याचं वरचं टोक पुढे झिजत नाही. म्हणून या पद्धतीत आपण वरचा तुकडा नाही, खालचा वापरतो. पडल्यावर तो अलगद झेलला जावा म्हणून खाली उंच, अरुंद बाटलीत शेव्हिंग फोम भरून ठेवा. तुकडा उभाच रुततो आणि टोक वर राहतं. पडदा मधे सुकतो किंवा फुटतो, तेव्हा ब्रशने पुन्हा थेंब द्यावा लागतो. इथे धीर हवा.

१०. टोक झाल्यावर धुवायचं कसं? माझ्या टोकावर पांढरे खडे दिसतात.

ते सुकलेला सोडा आणि सोडियम टंगस्टेट आहे. टोक बाहेर काढल्यावर सुकू न देता लगेच कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा. बुडवताना आणि काढताना हालचाल तारेच्या दिशेनेच, उभी. आडवं हलवलं की पाण्याचा पृष्ठभागच टोक वाकवतो. पाणी दोनदा बदला आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हवेत सुकू द्या. तोंडाने फुंकर घालू नका, कापसाने टिपू नका. मला दाखवायला येणाऱ्या वाया गेलेल्या टोकांपैकी बरीचशी द्रावणात नीट झालेली असतात आणि पुढच्या दोन मिनिटांत बिघडलेली असतात.

११. टोक मायक्रोस्कोपखाली सुंदर दिसतं, पण एसटीएममध्ये प्रवाह उड्या मारतो. काय चुकलं?

पहिल्यांदा लक्षात घ्या की साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचं काही सुटं दिसत नाही. ४०० पट मोठं करून तुम्ही शंकू सरळ आहे का, शेंडा वळला आहे का, खडे आहेत का, एवढंच तपासता. शेंडा दिसेनासा होईपर्यंत निमुळता होत गेला असेल तर ती चांगली खूण आहे. त्रिज्या मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

पण प्रवाह उड्या मारतो तेव्हा बहुधा दोष ऑक्साइडचा असतो. काही नॅनोमीटरचा हा थर वीज नीट वाहू देत नाही आणि तुमची फटच काही दशांश नॅनोमीटरची असते. टोक नमुन्याच्या जवळ जाताना थर आधी टेकतो.

अतिनिर्वात असेल तर टोक सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हा वरचं ट्रायऑक्साइड आतल्या टंगस्टनशी संयोग पावून डायऑक्साइड होतं आणि ते उडून जातं. हवेतल्या एसटीएमला हा मार्ग नाही. तिथे टोक ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरा आणि सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर क्षणभर ३ ते ५ व्होल्टचा झटका देऊन पाहा. पुष्कळदा शेंडा मोकळा होतो.

एका मुलाने मला न विचारता टोक स्पिरिटच्या दिव्यावर धरलं होतं. हवेत तापवला की टंगस्टन जळतो. टोकाच्या जागी पिवळट भुकटी उरली. हायड्रोफ्लोरिक आम्लाने थर निघतो असं तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे, पण ते आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं आणि जीव घेऊ शकतं. त्याचं खास प्रशिक्षण आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मी माझ्या मुलांना परवानगी देत नाही.

१२. प्रतिमेत प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. नमुना बिघडला का?

नमुना ठीक आहे, तुमच्या टोकाला दोन शेंडे आहेत. दोन्ही जवळपास सारख्या उंचीवर असले की पृष्ठभागावरची एकच पायरी, म्हणजे अणूंचा एक थर जिथे संपतो ती कड, आधी एका शेंड्याला आणि मग दुसऱ्याला भेटते. सगळ्या जोड्या एकाच दिशेला, एकाच अंतरावर असतील तर शंकाच नको. नमुना फिरवून बसवला तरी जोडीची दिशा तीच राहिली, तर दोष नक्की टोकाचा.

कारण बहुधा तार कापताना पडलेली उभी चीर (प्रश्न ५). तपासणीसाठी ग्रॅफाइट आणि सोनं दोन्ही ठेवा. ग्रॅफाइटची ०.२४६ नॅनोमीटरची जाळी दिसली म्हणून टोक उत्तम आहे असं मानू नका. इतक्या सपाट पृष्ठभागावर बोथट टोकाचाही एखादा पुढे आलेला अणू काम भागवतो. सोन्याच्या ०.२३५ नॅनोमीटरच्या पायऱ्या जिथे दाटीने आहेत तिथे टोकाची खरी परीक्षा होते.

हाच प्रश्न प्लॅटिनम-इरिडियमची तार वापरणारेही विचारतात. ती तार कटरने तिरकी धरून, कापता कापता ओढून तोडतात. हवेत ती गंजत नाही, म्हणून हवेतल्या एसटीएमला सोयीची. पण तुटलेल्या जागी अनेक फाटके शेंडे असतात आणि नशिबाने त्यांतला एक पुढे असतो. सपाट नमुन्याला चालतं, उंचसखल नमुन्याला टंगस्टनचा शंकूच हवा.

१३. हेच टोक आम्ही चार-टोकी रोधमापनाला किंवा प्रोब स्टेशनला वापरू का?

नको. सर्वांत तीक्ष्ण टोक ते सर्वांत चांगलं, हा समज इथे मोडतो. प्रोब स्टेशनला, म्हणजे टोकं टेकवून नमुन्याचे विद्युत गुण मोजायच्या यंत्राला, टोक नमुन्यावर प्रत्यक्ष टेकतं आणि दाब सोसतं. ५० नॅनोमीटरचं टोक पातळ फिल्ममधून आरपार जाईल किंवा पहिल्याच स्पर्शात वळेल. शिवाय टेकण्याची जागा जितकी लहान तितका तिथला रोध मोठा. १ ओहम-सेंटिमीटर सिलिकॉनवर १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोल स्पर्शाला पसरण्याचा रोध, म्हणजे बारीक जागेतून आत पसरताना प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे २५०० ओहम येतो. ५० नॅनोमीटरला तोच ५० हजार ओहम होतो.

चार टोकांची युक्ती याच अडचणीतून आली. बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह द्यायचा आणि आतल्या दोघांमधला व्होल्टेज मोजायचा. आतल्या टोकांतून जवळजवळ प्रवाह नसतो, म्हणून स्पर्शाचा रोध हिशेबात येत नाही. मोठ्या, पातळ फिल्मसाठी व्होल्टेज भागिले प्रवाह, गुणिले ४.५३, हा चौरस रोध, म्हणजे फिल्मच्या एका चौरस तुकड्याचा रोध. तिथे स्प्रिंगवर बसवलेली, गोल शेंड्याची टोकंच हवीत.

प्रोब स्टेशनसाठी काही मायक्रोमीटरचं टोक हवं असेल तर हीच कृती करा आणि तुकडा पडल्यावर सप्लाय काही सेकंद चालू ठेवा. प्रश्न ७ मध्ये जो दोष आहे तो इथे उपयोगी पडतो.

मज्जापेशींतले संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडचं गणित आणखी वेगळं. डेव्हिड ह्यूबेल यांनी १९५७ साली तसं टंगस्टनचं इलेक्ट्रोड प्रसिद्ध केलं. त्यात शेंडा सोडून बाकी सगळ्या तारेवर लाखेसारखा विद्युतरोधक थर असतो आणि खरं कसब तो थर देण्यात आहे.

१४. सोडा हातावर किंवा डोळ्यात उडाला तर?

वाहत्या पाण्याखाली धरा, डोळा असेल तर पापण्या उघड्या ठेवून निदान पंधरा मिनिटं, आणि थेट डॉक्टरकडे. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. सोडा कातडीला बुळबुळीत लागतो आणि सुरुवातीला फारसा झोंबत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तो डोळ्याचं कायमचं नुकसान करतो.

द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेच्या बाटलीचं काचेचं बूच त्याने घट्ट बसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते हळूहळू कमजोर होतं, म्हणून बाटलीवर तारीख लिहा.

१५. टोकं किती दिवस टिकतात? मोडलेलं टोक पुन्हा करता येतं का?

दोनतीन दिवसांपेक्षा जुनं टोक मी महत्त्वाच्या मापनाला घेत नाही. ठेवताना तार मागच्या बाजूने फोममध्ये खोचा, शेंडा मोकळा, सिलिका जेल घातलेल्या डबीत. डबीची उंची आधी मोजा. मी एकदा दिवसभर बसून सहा टोकं केली, डबीत लावली आणि झाकण दाबून बंद केलं. सहाही शेंडे झाकणाला टेकून एकाच बाजूला वळले होते. तेव्हापासून आमच्या डबीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने रेघ मारलेली आहे, तारेची उंची तिच्या खालीच हवी.

मोडलेलं टोक पुन्हा नक्की करता येतं. मोडका शेंडा कापून टाका, तार पुसा आणि प्रश्न ५ पासून सुरू करा. दोन सेंटिमीटरच्या तारेतून सहज तीनचार टोकं निघतात. तार चिमट्यात धरण्याइतकी उरली नाही की मगच नवी घ्या.